निवडणूक खर्च आणि पक्षनिधी (भारत)

लोकसभा व विधानसभा निवडणुकांत उमेदवाराने किती खर्च करायचा, त्याचा हिशेब कसा द्यायचा आणि राजकीय पक्षांनी देणग्या कुणाकडून घ्यायच्या, याचे नियम एकाच कायद्यात सापडत नाहीत. उमेदवाराचा भाग लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 (कलम 77, 78, 10अ) आणि निवडणूक नियम, 1961 मध्ये आहे. पक्षाचा भाग त्याच अधिनियमाच्या कलम 29ब व 29क मध्ये, शिवाय आयकर, कंपनी आणि विदेशी अभिदाय (परदेशी देणग्या) या कायद्यांत विखुरलेला आहे. रोजचे व्यवहार मात्र निवडणूक आयोगाच्या सूचनांवर चालतात. या सगळ्याचा पाया एकाच विषमतेवर आहे: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही.

मर्यादा

मर्यादा केंद्र सरकार आयोगाच्या शिफारशीवरून 1961 च्या नियमांतील नियम 90 मध्ये दुरुस्ती करून ठरवते. जानेवारी 2022 पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी 95 लाख आणि विधानसभेसाठी 40 लाख रुपये ही मर्यादा आहे. महाराष्ट्र याच गटात येतो. गोव्यासारख्या छोट्या राज्यांत हे आकडे 75 लाख आणि 28 लाख आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेची मर्यादा 25 हजार रुपये होती. 2014 मध्ये ती मोठ्या राज्यांसाठी 70 लाखांवर गेली.

मोजणी नामनिर्देशनपत्र दाखल केल्याच्या दिवसापासून निकाल जाहीर होईपर्यंतची, दोन्ही दिवस धरून. वर्षभर आधीपासून लावलेले वाढदिवसाचे फलक, हळदीकुंकवाचे कार्यक्रम, क्रिकेटचे सामने यांचा खर्च त्यामुळे हिशेबाबाहेर राहतो. पण अर्ज भरण्याआधी छापून घेतलेले साहित्य नंतर वाटले तर त्याची किंमत धरावी लागते. अर्ज भरायला जाताना काढलेली मिरवणूक तर पहिल्याच दिवशी खात्यावर चढते. नवख्या उमेदवाराची गफलत बहुधा इथूनच सुरू होते: ढोलपथक, फेटे, टेम्पो हे सगळे ‘कार्यकर्त्यांनी हौसेने केले’ असे तो समजतो आणि चित्रीकरण पथकाकडे त्याची मोजदाद झालेली असते.

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाने त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. दंड जुन्या दंडसंहितेत 500 रुपयांपर्यंत होता, आता 10 हजारांपर्यंत आहे. परवानगी न घेता करता येणाऱ्या खर्चाची सवलत मात्र अजून 10 रुपयांचीच आहे, आणि त्यालाही दहा दिवसांत उमेदवाराची मान्यता घ्यावी लागते.

खाते आणि नोंदवही

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. ते उमेदवाराच्या एकट्याच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबरच्या संयुक्त नावाने चालते; पत्नी, भाऊ किंवा मुलगा प्रतिनिधी नसेल तर त्यांच्याबरोबरचे संयुक्त खाते चालत नाही. सहकारी बँक किंवा टपाल कार्यालयातले खातेही चालते. स्वतःचे पैसे असोत, पक्षाने दिलेले असोत की मित्राने, आधी या खात्यात भरायचे आणि मग खर्च करायचा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत मिळून 10 हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. मंडपवाल्याला रोज आठ-आठ हजार देऊन ही अट चुकवता येत नाही, कारण बेरीज माणसागणिक होते.

अर्जासोबत निवडणूक निर्णय अधिकारी पाने क्रमांकित केलेली नोंदवही देतो. तिचे तीन भाग तीन रंगांत असतात: पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी पाने रोकड वहीची, पिवळी पाने बँक वहीची. पांढऱ्या पानावरची एक ओळ पाहिली की यंत्रणेचा रोख कळतो. ‘वडापाव’ एवढे लिहून भागत नाही. तारीख, किती नग, नगाचा दर, एकूण रक्कम, पैसे घेणाऱ्याचे नाव-पत्ता, पावती क्रमांक, आणि हा खर्च उमेदवाराने केला, पक्षाने केला की आणखी कुणी, इतके सगळे लिहायचे. उधारीवर आणलेला माल पैसे दिले नाहीत म्हणून वगळता येत नाही. थकीत रक्कमही खर्चच असते. रेल्वेप्रवास किंवा टपाल अशा ज्या बाबींची पावती स्वभावतःच मिळत नाही, तेवढ्याच पावतीविना मान्य होतात.

दर कुणी कुठला धरायचा यावरून वाद होऊ नयेत म्हणून जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी चर्चा करून दरसूची काढतो. खुर्ची, गालिचा, ध्वनिक्षेपक, जीप, चहा, मिसळ, पुष्पहार, सगळ्याला दर असतो. भाचा मंडपाच्या धंद्यात असून त्याने फुकट मंडप घातला तरी दरसूचीप्रमाणे किंमत उमेदवाराच्या नावावर लागते.

उमेदवार आपली वही लिहित असतो त्याच वेळी सरकारी लेखा पथक त्याच्या नावाची दुसरी, छाया नोंदवही लिहित असते. व्हिडिओ पथक सभेत गाड्या, खुर्च्या, फलक मोजते. ते चित्रण पाहणारे पथक दर लावून आकडा काढते. माध्यम समिती जाहिरातींवर नजर ठेवते. प्रचारकाळात खर्च निरीक्षकासमोर वही किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. दोन वह्यांत फरक निघाला की 24 तासांत नोटीस येते. उत्तराला 48 तास मिळतात, आणि उत्तर न दिल्यास छाया नोंदवहीतला आकडा मान्य असल्याचे धरले जाते. वही तपासणीला आणलीच नाही तर वाहनांच्या परवानग्या काढून घेतल्या जातात.

सर्वात जास्त तंटे वाहनांवरून होतात. परवाना घेतलेली गाडी चार दिवसांनी वापरणे बंद केले, पण परवाना लेखी परत केला नाही, तर निकालापर्यंतचे भाडे उमेदवाराच्या नावावर चढत राहते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटायला मांडलेली टेबले, त्यावरची छत्री आणि कार्यकर्त्यांचे जेवणही उमेदवाराचाच खर्च असतो. तो पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारात ढकलता येत नाही. पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर प्रकरण लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 127अ खाली जाते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छपाईची प्रत मुद्रकाकडून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जात असल्याने पत्रकांची खरी संख्याही तिथूनच उघड होते.

नाक्यांवरची स्थिर पथके उमेदवाराच्या, प्रतिनिधीच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत 50 हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली तर ती जप्त करतात. सामान्य व्यापारी किंवा लग्नाची खरेदी करणारे कुटुंबही त्यात सापडते. अशा वेळी जिल्हास्तरावरच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे बँकेची पावती, लग्नपत्रिका, विक्रीचे बिल असे पुरावे दाखवून रक्कम सोडवून घेता येते.

स्टार प्रचारक आणि पक्षाचा खर्च

मान्यताप्राप्त पक्षाला 40 आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला 20 स्टार प्रचारकांची यादी देता येते. त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा खर्च पक्षाचा. पण व्यासपीठावर उमेदवार बसला, किंवा फलकावर त्याचे नाव-छायाचित्र आले, की सभेचा खर्च त्याच्याकडे वळतो. तीन मतदारसंघांची मिळून एक सभा झाली, मंडप-ध्वनी-व्यासपीठाला नऊ लाख लागले आणि तिन्ही उमेदवार हजर असले तर प्रत्येकी तीन लाख. हेलिकॉप्टरमध्ये उमेदवार सोबत बसला तर प्रवासखर्चाचा निम्मा भाग त्याच्या नावावर येतो. बड्या नेत्याच्या सभेला काही उमेदवार व्यासपीठाच्या आसपास फिरकत नाहीत ते यामुळेच.

पक्षाचा खर्च मर्यादेबाहेर ठेवणारी ही फट कायद्यात मुद्दाम ठेवली गेली. दिल्ली सदर मतदारसंघातील कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्या मर्यादेत मोजला पाहिजे असे ठरवले. सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून कलम 77 ला स्पष्टीकरण जोडले आणि पक्ष व मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर काढला. अहमदनगरच्या 1991 च्या लोकसभा निवडणुकीवरून गडाख विरुद्ध विखे पाटील हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1993 मध्ये न्यायालयाने ही मर्यादा वस्तुस्थितीला धरून नसल्याचे सुनावले. 2003 च्या दुरुस्तीने सवलत आकसली, नेत्यांच्या प्रवासापुरती स्पष्टपणे उरली. उमेदवाराचे नाव न घेता केलेल्या पक्षाच्या जाहिराती मात्र अजूनही मर्यादेबाहेर आहेत, आणि मोठा पैसा तिथेच असतो.

हिशेब न दिल्यास

निकालानंतर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्रासह संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. त्याआधी 26 व्या दिवसापर्यंत ताळमेळ बैठक होते. वाद मिटवायची ती शेवटची संधी. दिलेला हिशेब कुणालाही एक रुपया शुल्क भरून पाहता येतो, ही तरतूद पत्रकारही फारशी वापरत नाहीत. मर्यादा ओलांडणे हे कलम 123(6) खाली भ्रष्ट आचरण आहे. त्यासाठी निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. हिशेब वेळेत किंवा विहित पद्धतीने न देणे हा वेगळा दोष; त्यासाठी आयोग कलम 10अ खाली तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. प्रत्यक्षात या दुसऱ्या कलमाखाली अडकतात ते बहुतेक अपक्ष आणि छोट्या पक्षांचे पराभूत उमेदवार: अनामत गेली, मग वहीकडे पाहतो कोण? शून्य खर्च केला तरी हिशेब द्यावाच लागतो हे त्यांना नोटीस आल्यावर कळते.

मोठे मासे सापडल्याची उदाहरणे मोजकी. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना 2011 मध्ये पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च न दाखवल्याबद्दल अपात्र ठरवले गेले. महाराष्ट्रात 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर भोकर मतदारसंघात असाच आक्षेप आला. दाखल झालेला हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे 2014 मध्ये न्यायालयाने तो आहे असा निर्णय दिला. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. तत्त्व टिकले, पण बातमीचे पैसे उमेदवाराच्या संमतीने दिले गेले हे सिद्ध करणे किती कठीण आहे, हेही त्यातून दिसले.

पक्षाकडे येणारा पैसा

कंपन्यांनी पक्षांना देणग्या द्याव्यात का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर 1957 साली टाटा आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात आला. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कंपनीला परवानगी दिली, पण लोकशाहीला यातून असलेल्या धोक्याकडे संसदेचे लक्ष वेधले. 1969 मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 182 प्रमाणे कंपनी सरकारी नसावी, तीन वर्षे जुनी असावी, आणि देणगी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. 2017 च्या वित्त अधिनियमाने ही टक्केवारीची अट काढली.

त्याच अधिनियमाने निवडणूक रोख्यांचा मार्ग खुला केला. 2018 पासून स्टेट बँक 1 हजार ते 1 कोटी रुपयांचे रोखे विकू लागली. देणगीदाराने ते विकत घेऊन पक्षाला द्यायचे, पक्षाने 15 दिवसांत वटवायचे आणि देणाऱ्याचे नाव लोकांना कळायचे नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना मतदाराच्या माहितीच्या अधिकाराविरुद्ध ठरवून रद्द केली आणि कंपन्यांवरची मर्यादा काढून टाकणारी दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. एप्रिल 2019 पासून 22,217 रोखे विकले गेल्याचे बँकेने न्यायालयात सांगितले. आता कंपन्यांपुढे धनादेश किंवा ऑनलाइन देणगी, नाहीतर 2013 च्या योजनेतले, देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारे निवडणूक न्यास, एवढेच मार्ग आहेत. न्यासाला जमा रकमेपैकी 95 टक्के त्याच आर्थिक वर्षात पक्षांना द्यावे लागतात.

20 हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची नावे पक्षाने दरवर्षी नमुना 24अ मध्ये आयोगाला कळवायची असतात. न कळवल्यास आयकराची सूट जाते. रोख देणगीची मर्यादा 2017 पासून दोन हजार आहे. मात्र हे दोन उंबरठे वेगळे आहेत. 19,999 रुपयांच्या धनादेशावर नाव असते, पण ते आयोगाच्या यादीत यावे लागत नाही. आणि दोन-दोन हजारांच्या पावत्या किती माणसांनी फाडल्या याची पडताळणी कुणी करत नाही. निवडणुकीनंतर पक्षाने आपला खर्च विधानसभेच्या बाबतीत 75, लोकसभेच्या बाबतीत 90 दिवसांत आयोगाला द्यायचा. मर्यादाच नसल्याने हे विवरण केवळ माहितीपुरते असते.

परदेशी पैसा निषिद्ध आहे. अमेरिकेत किंवा आखातात राहणारा मराठी माणूस भारतीय पारपत्रधारक असेल तर देणगी देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांच्या) कार्डावर असेल तर नाही. परदेशी कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांना दोषी धरले होते. संसदेने 2016 मध्ये ‘विदेशी स्रोता’ची व्याख्याच सैल केली आणि 2018 मध्ये ती दुरुस्ती 1976 पासून लागू केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी यावर फारशी चर्चा केली नाही.

व्याप्तीबाहेर काय

लोकप्रतिनिधित्व अधिनियमातले खर्चाचे प्रकरण त्याच्या कलम 76 नुसार फक्त लोकसभा व विधानसभेला लागू आहे. राज्यसभा आणि विधान परिषदेला, म्हणजे महाराष्ट्रातल्या पदवीधर, शिक्षक व स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांनाही, खर्चमर्यादा नाही. तिथे दाखवलेला किंवा न दाखवलेला खर्च या कायद्याने तपासता येत नाही. ग्रामपंचायत ते महानगरपालिका या निवडणुकांची मर्यादा राज्य निवडणूक आयोग स्वतंत्रपणे ठरवतो, आणि हिशेबाची मुदत, नमुने व अपात्रतेच्या तरतुदी त्या-त्या संस्थेच्या राज्य कायद्याप्रमाणे वेगळ्या असतात. विधानसभेला वही चोख लिहिणारा प्रतिनिधी नगरपरिषदेच्या वेळी जुनाच नमुना भरून देतो आणि उमेदवाराला अडचणीत आणतो, असे होते.