मोटारीतील इशारादिवे आणि किरकोळ विद्युत बिघाड

डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये लागणारा इशारादिवा आणि फ्यूज, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग (बॉडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी), बॅटरी यांतले लहानसहान बिघाड यांचा फार जवळचा संबंध आहे. दिवा लागतो तो कुठल्यातरी स्विचने, सेन्सरने किंवा गाडीतल्या संगणकाने काहीतरी मोजले म्हणून. दाब कमी आहे, व्होल्टेज पडले आहे, चाकाच्या वेगाचा संकेत येत नाही, एवढेच त्यातून कळते. नेमका कोणता भाग गेला, हे शोधायचे काम पुढेच असते. ते टाळले की चांगला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बदलला जातो आणि सैल झालेले टर्मिनल तसेच राहते.

किल्ली ‘ऑन’वर नेली की बहुतेक दिवे काही सेकंद लागतात आणि आपापली तपासणी संपली की विझतात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू झाल्यावर विझतात. या वेळी एखादा दिवा लागलाच नाही, तर तोही दोषच समजावा. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावे, कारण एअरबॅगचा किंवा चेक इंजिनचा दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढून टाकलेल्या गाड्या बाजारात येतात. दिव्यांची चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेली असल्याने ती कंपनीगणिक फारशी बदलत नाहीत. लाल रंग म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवा, पिवळा किंवा नारिंगी म्हणजे लवकर तपासून घ्या आणि हिरवा किंवा निळा म्हणजे ती यंत्रणा चालू आहे.

लाल दिव्यांत सर्वांत कमी वेळ देणारा दिवा ऑइलचा. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. इंजिनवरच्या स्विचपाशी दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो लागतो, आणि तोवर बेअरिंगवरचा ऑइलचा थर नाहीसा होऊ लागलेला असतो. इंजिन तिथेच बंद करून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) पाहावी. पातळी बरोबर असेल तरी ‘स्विचच खराब असेल’ असे धरून गाडी पुढे नेऊ नये. आधी गेज लावून दाब मोजावा. तापमानाच्या लाल दिव्याचे कारण मात्र पुष्कळदा विद्युत असते: रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज उडालेला किंवा रिले निकामी झालेला असतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. ब्रेकचा दिवा लागल्यास आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का हे बघावे, मग ब्रेक ऑइलची टाकी. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून नुसते ऑइल भरून दिवा घालवला तर झिजलेले पॅड नजरेआड राहतात.

बॅटरीचे चिन्ह असलेला दिवा सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. त्याचा अर्थ चार्जिंग होत नाही असा आहे. बॅटरी त्या वेळी ठणठणीत असू शकते. जुन्या पद्धतीच्या मांडणीत या बल्बचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे होते आणि बल्ब विझतो. तो मंद जळत राहिला तर अल्टरनेटरमधला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याची शक्यता असते. किल्ली ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाहच मिळत नसेल, कारण काही गाड्यांत तो प्रवाह याच बल्बमधून जातो. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो.

रस्त्यात हा दिवा लागला तर पहिला प्रश्न अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याचा. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर काही मिनिटांत इंजिन तापते आणि पुढे जाणे महागात पडते. पट्टा शाबूत असेल तर एसी, पंखा, म्युझिक बंद करून जवळचे गॅरेज गाठता येते.

यानंतरचे बरेचसे काम व्होल्टेज आणि प्रवाह मोजणाऱ्या साध्या डिजिटल मीटरने (मल्टिमीटरने) होते. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली आहे. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक. संगणकाने नियंत्रित केलेले अल्टरनेटर मधूनमधून याहून कमी व्होल्टेज देतात, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली गेले तर बॅटरी दमली आहे किंवा उतरलेली आहे. कानही बरेच सांगतो. भराभर ‘कट-कट-कट’ असा आवाज आला तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच जोरदार ‘टक’ झाले आणि हेडलाइट मंद झाले नाहीत तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा चुंबकीय स्विच).

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते. कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. खोलताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला म्हणजे पाना बॉडीला टेकून शॉर्ट होत नाही.

अर्थिंग हा या विषयाचा गाभा म्हणावा लागेल. मोटारीत बहुतेक दिव्यांना आणि मोटरना प्रवाह तारेने येतो आणि परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून. पत्र्याला जोडलेला बोल्ट गंजला की प्रवाह दुसऱ्या वाटा शोधतो आणि लक्षणे चक्रावून टाकतात: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच तालावर लुकलुकतो. अशा वेळी बल्ब बदलत बसू नये. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे दिव्याच्या अर्थिंग पिनला लावून दिवा चालू करावा. साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर दोष त्या अर्थिंगमध्ये आहे. याउलट एका बाजूचा इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकू लागला, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्बच गेलेला असतो.

ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. तोही लगेच उडाला तर तार कुठेतरी शॉर्ट आहे. १० च्या जागी ३० बसवला की फ्यूज टिकतो आणि तार जळते. आगीला असे आमंत्रण देण्यात कसलीच हुशारी नाही. रिलेचा संशय असेल तर शेजारचा तसाच, उदाहरणार्थ हॉर्नचा, रिले अदलून पाहावा. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे हेडलाइट बल्ब घालणे, तारा सोलून चिकटपट्टीने जोडणे यांतून पुढचे कित्येक बिघाड जन्माला येतात.

चेक इंजिनचा पिवळा दिवा प्रदूषण-नियंत्रणाच्या कायद्यातून आला. कॅलिफोर्नियाने १९८८च्या सुमारास गाडीतच दोषनिदान यंत्रणा सक्तीची केली. तिची दुसरी पिढी, ओबीडी-२, अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना लागू झाली. भारतात ती भारत स्टेज ४ च्या नियमांखाली एप्रिल २०१३ पासून आली आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मध्ये अधिक कडक झाली. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो. दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो. वेग लगेच उतरवावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे.

कोडही मोजमापच सांगतो. पी ०१७१ याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही गोष्ट ऑक्सिजन सेन्सरने कळवलेली असते, म्हणून अनेकदा तो बिचारा सेन्सरच बदलला जातो. खरे कारण चिरलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा पेट्रोलचा कमी दाब असू शकते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचे ट्यूनिंग बिघडले तरी हाच कोड येतो. कोड पुसण्यापूर्वी त्यासोबत साठवलेली इंजिनाची त्या क्षणाची माहिती टिपून ठेवावी, कारण कोडबरोबर तीही पुसली जाते आणि निदानाचा उत्तम पुरावा हातचा जातो.

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तरी साधे ब्रेक सहसा काम करतात. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असणे हे नेहमीचे कारण. एअरबॅगचा दिवा मात्र घरी तपासू नये. तिचे कपलर (तारा जोडणारे प्लग) पिवळ्या रंगाचे असतात आणि त्यांना मीटर लावल्यास एअरबॅग उघडण्याचा धोका असतो.

कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कपलरच्या पिना गंजवतो. पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि मग एकाच वेळी असंबद्ध दिवे लागतात. गाडीत पाणी शिरले असेल तर किल्ली फिरवण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढावे.

उभ्या गाडीची बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी बंद असताना होणारी विजेची गळती मोजावी लागते. गाडी बंद करून, दारे लॉक करून संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि त्याची सोडवलेली तार यांच्या मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य मानतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर जवळपास महिनाभर पुरते. तीच गळती अर्धा अँपिअर झाली तर तीन दिवसांतच बॅटरी संपते. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो त्या सर्किटवर बहुधा नंतर जोडलेला डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर किंवा न विझणारा डिकीतला दिवा सापडतो.