कँबर, रॉकर आणि बाइंडिंगची भोकं: शिकाऊ स्नोबोर्ड सोडताना लागणारी पार्श्वभूमी

दोन्ही कडांवर वळणं जमू लागली आणि वेग धरायचा धीर आला की भाड्याचा स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावर घसरायची फळी, पुरत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून गुलमर्ग-औलीला जाणाऱ्यांनी या टप्प्यावर वापरलेला बोर्ड घ्यायचा ठरवला, तर तो कुठल्या काळातला आहे हे आधी पाहावं. त्याचा स्वभाव बराचसा त्यावर ठरलेला असतो.

आरंभीचा काळ थोडक्यात आटोपतो. 1965 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मुलींच्या खेळासाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडल्या गेल्या. पुढे हातात धरायची दोरी, पाय मोकळे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात पाय बांधले जाऊ लागले. पुढच्या दशकात बाइंडिंगला, म्हणजे बूट बोर्डाशी धरून ठेवणाऱ्या पकडीला, पोटरीमागची उभी पाठ, म्हणजे हायबॅक, मिळाली आणि टाचेकडच्या कडेवर नीट भार टाकता येऊ लागला. 1998 साली नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

खरेदी करणाऱ्याला आजही छळणारा वाद 2006 च्या सुमाराचा आहे. तोवर बोर्ड म्हणजे कँबर: सपाट जमिनीवर ठेवला की मधला भाग काही मिलिमीटर उचललेला, नाक आणि शेपटीजवळ टेकलेला. वर उभं राहिलं की मधला भाग दबतो, भार टोकांपर्यंत पसरतो आणि कड लांबवर चावते. मग केळ्यासारखा उलटा वाकलेला रॉकर बोर्ड बाजारात आला. दोन पायांच्या मध्ये टेकणारा, टोकं वर. कड अडकून तोंडावर आपटणं कमी झालं, पायाखाली बोर्ड सहज फिरू लागला. काही मोसमांतच बहुतेक कंपन्यांनी तो आकार उचलला आणि नवशिक्यांना हाच बोर्ड घ्या असं सर्रास सांगितलं जाऊ लागलं.

नवशिक्यासाठी सल्ला ठीकच होता. मधल्या पायरीवरच्यासाठी तो चुकीचा आहे, आणि हे ठामपणे सांगायला हवं. कडक बर्फावर वेग वाढला की निव्वळ रॉकरची टोकं हवेत राहतात, कडेची पकड आखूड होते आणि शेपूट घसरते. स्वाराला वाटतं तंत्र कच्चं आहे. मग तो मागचा पाय झटकून वळण पुरं करतो आणि तीच सवय जडते. काही कंपन्यांनी कडेला नागमोडी वळणं देऊन पकड वाढवली, पण वळणातून बाहेर पडताना कँबर जो उसळून जोर देतो तो त्यातून मिळत नाही. यथावकाश मिश्र आकार आले: पायांखाली कँबर, नाकाशी थोडा रॉकर. सुधारणाऱ्या स्वाराने हाच घ्यावा. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा 2005 साली सुरू झाला. तिथून वरचा खोल, मऊ बर्फ गाठता येतो आणि तिथे नाकाचा रॉकर कामाला येतो. मात्र तो डोंगर हिमस्खलनाचा आहे, माहीतगार वाटाड्याशिवाय जाऊ नये.

आकार घरीच तपासता येतो. बाइंडिंग काढून बोर्ड समतल शहाबादी फरशीवर ठेवा आणि खालून पोस्टकार्ड सरकवा. जिथे अडेल तिथे बोर्ड टेकतो. फार वापरलेल्या कँबर बोर्डाचा बाक बसलेला असतो. कार्ड मधून जातच नसेल तर विकणारा ‘कँबर’ म्हणो, घेऊ नये.

हनुवटीपर्यंतचा बोर्ड घ्यावा हा जुना ठोकताळा आता सोडावा. लांबी वजनावर ठरते: 70 किलोच्या पुरुषाला सर्वसाधारण वापरासाठी साधारण 154 ते 158 सेंमी. रुंदी बुटावर. आपल्याकडचा 9 नंबर, म्हणजे 28 सेंमीचा बूट असेल तर बोर्डाची मधली, सर्वांत अरुंद जागेची रुंदी 252 ते 256 मिमीच्या आसपास हवी. नंबर 10 च्या पुढे रुंद बोर्ड पाहावा, नाहीतर तीव्र वळणात बोटं बर्फात घासतात. ताठपणा 10 पैकी 5 किंवा 6. हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या मापाने देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. बाइंडिंगही मध्यमच हवं. मऊ बोर्डावर ताठ बाइंडिंग लावलं की पायाची प्रत्येक बारीक चूक थेट कडेपर्यंत पोचते.

बाइंडिंगचा गुंता भोकांचा आहे. 1990 च्या दशकात एका बड्या कंपनीने तीन भोकांची रचना ठेवली, इतरांनी 4 सेंमी चौरसातली चार भोकं. पुढे त्याच चारांत 2 सेंमी अंतराची सोय झाली आणि त्या बड्या कंपनीने भोकं सोडून लांब खाच आणली. म्हणून जुनं बाइंडिंग घेताना ते बोर्डावर स्क्रूने बसवणारी मधली चकती कुठल्या रचनेची आहे ते आधी पाहावं. पट्ट्यांशिवाय बूट अडकवायची पद्धत 1990 च्या दशकात येऊन मागे पडली होती, 2017 साली नव्या रूपात परतली. तिला खास बूट लागतात आणि ते भाड्याने मिळतीलच असं नाही. पहिल्या स्वतःच्या संचाला दोन पट्ट्यांचं बाइंडिंग बरं.

बाइंडिंगचे स्क्रू एम-6, म्हणजे 6 मिमी जाडीचे, 1 मिमी पिचचे (दोन आट्यांत 1 मिमी अंतर). बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे नवं नाही, पण दोन गोष्टी जपाव्यात. स्क्रू लांब असेल किंवा जास्त आवळला तर बोर्डाच्या तळाला खळगा पडतो. आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि उडीत उपटून येतो. निदान सहा फेरे बसले पाहिजेत. डोकं बहुधा पोझीचं (पोझिड्राइव्ह, फिलिप्ससारखीच दिसणारी पण वेगळी खाच) असतं, साध्या फिलिप्स पान्याने ते गोल होतं. 3 नंबरचा पोझी पाना घ्यावा, हाताने आवळावं आणि उतारावरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावं. आट्यांना लावायचा द्रव डिंक चकतीच्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकतो, तो टाळावा. बाइंडिंगचे कोन पुढच्या पायाला अधिक 15 अंश (बोटं नाकाकडे), मागच्याला उणे 6 अंश (बोटं शेपटीकडे) पासून सुरू करावेत.

आपल्याकडचा पावसाळा मात्र कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत नसतो. खानापूर-जांबोटीच्या दमट हवेत पोलादी कडा लवकर तांबरतात. मे संपण्याआधी बाइंडिंग काढावं, बोर्ड पुसून वाळवावा, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो डिसेंबरपर्यंत खरवडू नये. बुटाचं आतलं अस्तर वेगळं काढून ठेवावं, नाहीतर श्रावणात बुरशी धरते.