पार्श्वभूमी : ‘टेन्शन’च्या आधीचे इंग्रजी दुःख

कापसाचा भाव पडला की चोपड्याकडच्या शेतकऱ्याला ‘टेन्शन’ येते आणि ते फार दिवस टिकले तर जळगावचा डॉक्टर त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतो. अहिराणी बोलणाऱ्या घरांतही हे दोन्ही शब्द आता सरसकट ऐकू येतात. दोहोंचे मूळ लॅटिन आहे; पहिल्यात ताणणे आहे, दुसऱ्यात खाली दाबणे. मात्र मनाच्या दुखण्यासाठी ते वापरात आले ते उशिरा. त्यांच्या आधीचे शब्द पाहू लागले की इंग्लंडवर कोणकोणाची सत्ता चालली, हेच उलगडत जाते.

सर्वांत जुने शब्द जर्मानिक, म्हणजे जर्मन-डच यांच्या भाषाकुळातले. ‘सॉरो’ प्राचीन इंग्रजीत ‘सोर्ग’ होता. जर्मन भाषेतील त्याच्या भाऊबंदाचा अर्थ मात्र काळजी असा आहे. ‘सॉरी’ ही त्याचीच लेक वाटते, पण तसे नाते नाही. ती ‘सोअर’ म्हणजे दुखऱ्या, ठणकणाऱ्या अंगावरून आली आणि उच्चार जवळचे असल्यामुळे ‘सॉरो’च्या घरातली मानली गेली. ‘सॅड’चा प्रवास तर फारच वाकडा आहे. आरंभी त्याचा अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. त्यावरून जड, जडवरून गंभीर आणि गंभीरवरून खिन्न, असे अर्थ पालटत चौदाव्या शतकात तो आजच्या अर्थाला येऊन पोचला. आप्त गमावलेल्याला इंग्रजीत ‘बिरीव्ह्ड’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ लुटला गेलेला असा आहे. या साऱ्या शब्दसंग्रहात मला हाच शब्द सर्वांत नेमका वाटतो.

1066 मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. खटल्यातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा होण्यास 1362 उजाडले. दुःखाचे पुष्कळसे शब्द याच वाटेने आले, म्हणून त्यांना कचेरीचा वास आहे. ‘पेन’ म्हणजे मुळात दंड. 1860 च्या ‘पीनल कोड’मधला ‘पीनल’ त्याच घरचा. ‘डिस्ट्रेस’ म्हणजे येणे वसूल करण्यासाठी माल अडकवून ठेवणे. वसुलीच्या ‘डिस्ट्रेस वॉरंट’मध्ये तो अर्थ आजही शाबूत आहे. ‘ग्रीफ’ (शोक) आणि ‘ग्रीव्हन्स’ (तक्रार) हे दोन्ही ‘जड’ या अर्थाच्या लॅटिन ‘ग्राविस’वरून आले, आणि संस्कृत ‘गुरू’ त्याच धातूचा. शब्दांच्या व्युत्पत्ती धुंडाळणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचा काळ ज्या धुळ्यात काढला, तेथील वाचकांना शब्दांची अशी कुळी शोधण्याचे नवल वाटू नये. खानदेशात 1818 साली कंपनी सरकारचा अंमल बसला आणि कोर्टकचेरीच्या निमित्ताने लोकांची इंग्रजीशी गाठ पडली, त्यामुळे ‘सॉरो’च्या आधी ‘ग्रीव्हन्स’ कानावर पडला असणार, असे मानायला हरकत नाही.

तिसरी वाट वैद्यकाची. ‘मेलँकली’ म्हणजे ग्रीक भाषेत काळे पित्त. शरीरातील चार रसांचा तोल बिघडला की मन खचते, ही त्यामागची कल्पना वात-पित्त-कफ जाणणाऱ्या आपल्याकडील वाचकाला परकी वाटणार नाही. रॉबर्ट बर्टन याने 1621 मध्ये या विकारावर एक भलामोठा ग्रंथच लिहिला. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये ग्रीक शब्द जोडून घडवला. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते. आज जुनी गाणी ऐकतानाही आपण तो सहज वापरतो.

‘ट्रॉमा’ म्हणजे ग्रीकमध्ये निव्वळ जखम. मनावरच्या आघातासाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागला. महामार्गावरील अपघातात हाडे मोडलेल्यांना ज्या ‘ट्रॉमा सेंटर’मध्ये नेतात, त्याच्या पाटीवर मात्र अजून जुनाच अर्थ आहे, त्यामुळे धुळ्यात कोणी ‘ट्रॉमा’ म्हटले की ऑर्थोपेडिककडे जायचे की मानसोपचारतज्ज्ञाकडे, हे विचारूनच घ्यावे लागते.