घरच्या संगणकाचे वॉट आणि वैशाखाचे ऊन

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा स्लॅबखालची वरची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. अशा खोलीत संगणक ठेवायचा असेल, तर दुकानदार सांगेल त्या वेगाच्या आधी तो किती वॉट घेतो हे विचारावे. कारण संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते.

प्रोसेसर या मुख्य चिपमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म स्विच, चालू-बंद होताना लागणारी वीज त्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर हा खर्च ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळपास निम्म्यावर येतो. काम मात्र साधारण पाचव्या हिश्शानेच मंदावते. कमी विजेचे प्रोसेसर याच हिशेबावर उभे आहेत. २०२३ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा प्रोसेसर ६ वॉटच्या गटात मोडतो, आणि सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, केळीच्या भावाचा हिशेब ठेवणे, मुलांचे व्हिडिओ धडे पाहणे या कामांना तो पुरतो.

हे ६ वॉट म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधून जाणारी वीज नव्हे. वीजमापक लावून पाहिले, तेव्हा असा प्रोसेसर असलेल्या छोट्या संगणकाने, म्हणजे डबीने, नुसती चालू असताना ८ वॉट, व्हिडिओ चालू असताना १३-१४ आणि पूर्ण भाराखाली विसाच्या पुढे वीज घेतली. शेजारच्या जुन्या टॉवरने, म्हणजे मोठ्या उभ्या खोक्याच्या संगणकाने, मात्र काहीही न करता ६० वॉट घेतले. रोज आठ तास धरले, तर टॉवरचे महिन्याला १४.४ युनिट होतात आणि सरासरी १० वॉटच्या डबीचे २.४. केवळ १२ युनिट वाचवण्यासाठी चालता संगणक मोडीत काढावा, असे मला वाटत नाही. खरा फायदा वीज गेल्यावर कळतो. टॉवर, २० वॉटचा मॉनिटर आणि ८ वॉटचा राउटर मिळून इन्व्हर्टरवर ८८ वॉटचा भार पडतो, तर डबीसह तो ३८ वॉटच राहतो. तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते.

उन्हाळ्याचा प्रश्न याहून बिकट आहे. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. चिपची मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ अंश असतो आणि ४५ अंशांच्या खोलीत केवळ ५५. म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणारा तोच धातूचा पत्रा पाव हिश्शाहून अधिक कमी काम करतो. मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो आणि दुपारी संगणक 'जड' झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे बिनपंख्याची डबी शांत असली, तरी तापणाऱ्या खोलीसाठी मी पंख्याचीच सुचवेन. पंख्याला आपल्याकडे धुळीचा आणि कापसाच्या तुसाचा त्रास आहे. कापसाच्या जिनिंग गिरणीजवळच्या एका घरातली डबी उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर समईच्या वातीसारखा राखाडी थर वळलेला होता. ब्रशने तो काढल्यावर चिपचे तापमान लगेच खाली आले. म्हणून चार स्क्रू काढून उघडता येईल अशीच डबी घ्यावी, आणि कापसाचा हंगाम संपल्यावर ती आतून झाडावी.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, मेमरी कार्डावर चालणारा संगणक शिकण्यासाठी उत्तम आहे, पण त्या कार्डावर लिहिणे चालू असताना अचानक वीज गेली, तर कार्डातली माहिती बिघडू शकते. कार्यालयांतून निघालेल्या छोट्या जुन्या डब्या स्वस्त मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा-दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनी डबी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली वापरायची तयारी असेल तरच घ्यावी. रॅम किमान ८ जीबी आणि साठवणीला एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क) हवीच. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, तेही पाहावे. शेतीपंप सुरू होऊन व्होल्टेज पडले, तरी असा अ‍ॅडॉप्टर सहसा काम सोडत नाही.

आणि मॉनिटरकडे दुर्लक्ष नको. त्याच मापकावर २२ इंची पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, तेव्हा ७ वॉट कमी झाले. तेवढ्या विजेवर ती डबी जवळपास नुसती चालू राहते.