संजय गांधी निराधारची मंजुरी तर आली, पैसे सुरू व्हायला आता काय काय करायचं (दिव्यांगांसाठी, नागपूर)

तहसीलीतून मंजुरी आली की घरचे समजतात झालं, आता दर महिन्याला पैसे पडत राहतील. पण मंजुरी म्हणजे तुमचं नाव यादीत चढलं एवढंच, पैसे खात्यात यायला पुढचं सगळं नीट जुळून असावं लागते, आणि सिव्हिल लाइन्सच्या तहसीलीत चकरा मारणारे कित्येक लोक अर्ज भरायला नाही, मंजूर झालेले पैसे काहून येऊन नाही राहिले हे विचारायला आलेले असतात.

ज्यांचा अर्जच व्हायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहणं, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत (बाकीच्या निराधारांना ही मर्यादा २१,००० आहे, दिव्यांगांना जास्त आहे, काही सेतूवाले २१,००० च सांगून परत पाठवतात, तिथं अडून बसा). कागदं म्हणजे आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), रहिवासी दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, राशन कार्ड, पासबुक आणि फोटो. यूडीआयडी नसेल तर आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि मग मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात तपासणी. कार्ड पिवळं आलं तर ४० ते ७९ टक्के, निळं आलं तर ८० किंवा त्याच्या वर, पांढरं म्हणजे ४० च्या खाली, त्यावर ही पेन्शन बसत नाही.

आता मंजुरीनंतरचं. पहिलं काम, मंजुरी आदेशाची कॉपी हातात घ्या, तोंडी "झालं तुमचं" यावर घरी येऊ नका. त्यात नाव, आधारचे शेवटचे आकडे, खातं आणि लाभ कोणत्या महिन्यापासून हे तिथंच उभं राहून वाचा. आणि एक गोष्ट खास बघा, तुमची नोंद दिव्यांग म्हणून झाली आहे का. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये आहेत, बाकीच्यांना १,५०० च आहेत. म्हणजे तुमच्या खात्यात १,५०० पडत असतील तर रेकॉर्डमधे यूडीआयडी चढलेलाच नसण्याची शक्यता आहे, तेव्हा कार्डाची झेरॉक्स आणि साधा अर्ज घेऊन तहसीलीतल्या संजय गांधी शाखेत द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्याच अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख, ते नसलं तर पुढच्या वेळी टेबलवरचा माणूस बदललेला असते आणि तुमचा कागद कोणालाच सापडत नाही.

मग बँक, आणि सगळ्यात जास्त लोकं इथंच अटकतात. पैसे आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून तुम्ही अर्जात कोणता खाते नंबर लिहिला त्यापेक्षा तुमचं आधार कोणत्या बँकेशी डीबीटीसाठी जोडलं आहे ते महत्त्वाचं. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी झाली म्हणजे हे जोडणं झालं असं नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंगचा (आधार बँकेशी जोडण्याचा) वेगळा फॉर्म भरून सही किंवा अंगठा द्यावा लागते. आणि आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहते, शेवटी जिथं जोडलं तिथं पैसे जातात. त्यामुळं होते काय की कोणीतरी मोबाईलवर नवीन खातं उघडून दिलं, त्यात हो हो करत संमती दिली गेली, आणि पेन्शन तिकडं जमा होऊन राहिली आणि घरचे जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून मारून थकले. तहसीलीत भांडायला जायच्या आधी माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि चालू आहे की बंद ते दिसते. मोबाईल लिंक नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडा.

ज्याला घराबाहेर पडणंच कठीण आहे त्याच्यासाठी माझ्या मते पोस्टाचं पेमेंट्स बँक खातं बरं, पोस्टमन घरी येऊन उघडून देतो आणि पैसेही घरी देतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात व्हीलचेअर घेऊन बँकेत रांग लावण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मुलगा किंवा मुलगी मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग असेल तर अजून एक काम आहे. १८ पूर्ण झाले की मायबाप आपोआप पालक राहत नाहीत, आणि लहानपणीचं खातं बँक थांबवते. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळते आणि ते बँकेत चालते. मॅनेजर "कोर्टाचा कागद आणा" म्हणाला तर रिझर्व्ह बँकेनं हे प्रमाणपत्र मान्य करायला सांगितलेलं आहे हे त्याला शांतपणे सांगा. मानसिक आजार मात्र या कायद्यात येत नाही. मूल १७ चं झालं की लगेच चौकशी सुरू करा, कारण समितीची बैठक तुमच्या सोयीनं होत नसते.

कार्ड ८० टक्के किंवा वरचं आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर इंदिरा गांधी दिव्यांग योजनेत नाव जाते. त्यात केंद्राचे ३०० आणि बाकी रक्कम संजय गांधीतून, म्हणजे दोन पेन्शनी नाही, मिळून एकच.

सुरू झाल्यावर बंद पडायची कारणंही ठरलेलीच. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागते, वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन टाका. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तोही. यूडीआयडी कायमचं नसून मुदतीचं असेल तर तारीख संपायच्या दोनतीन महिने आधीच नूतनीकरणाला टाका. शहरातून कामठी, हिंगणा वगैरे दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलात तर दोन्ही तहसीलीत लेखी कळवा. वय ६५ झालं की नाव श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेत जाते, दिव्यांगांची वाढीव रक्कम तिथंही आहे. मधले दोन महिने पैसे आले नाही म्हणजे नाव कटलंच असं नाही, अनुदान उशिरा येऊन एकदम पण पडते, पण शेजारपाजारच्या लाभार्थ्यांचे आले आणि तुमचेच नाही तर मात्र थांबू नका.

बायांसाठी एक सूचना, ही पेन्शन चालू असताना लाडकी बहीणचा फॉर्म भरू नका, दोन्ही मिळत नाही आणि उगाच पडताळणीत नाव अडकते.

मंजुरी करून देतो, सुरू करून देतो म्हणणारे तहसीलीच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटतील, पहिल्या हप्त्यातून इतके द्या म्हणतील. अर्जाचं थोडं सेतूचं शुल्क सोडलं तर यात कुठंच पैसे लागत नाहीत. "तुमची पेन्शन वाढली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, तहसीलवाले असा फोन करत नाहीत. आधारबद्दल विचारायचं तर १९४७ हा नंबर आहे, मराठीत बोलतात.