अळिंबींची डीएनएवरून ओळख

बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या रानटी अळिंबींच्या (भूछत्रांच्या) जाती डीएनएच्या ठरावीक भागाचा क्रम वाचून वेगळ्या करण्याची पद्धत. तिला ‘डीएनए बारकोडिंग’ असेही म्हणतात. टोपीचा रंग, तिच्याखालच्या कल्ल्यांची (पातळ पडद्यांची) ठेवण, देठावरचे कडे, बीजाणूंचा ठसा (टोपी कागदावर ठेवल्यावर पडणारा बीजाणूंचा रंगीत थर) आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना यांवर उभे असलेले वर्गीकरण या पद्धतीने रद्द झालेले नाही. मात्र त्यातील कोणती लक्षणे भरवशाची आणि कोणती फसवी, हे तपासण्याचे स्वतंत्र साधन तिच्यामुळे हाती आले.

पद्धतीचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी ‘सीओआय’ या सूत्रकणिकेतील (मायटोकाँड्रियातील) जनुकाचा प्रस्ताव मांडला व ‘बारकोड’ ही संज्ञा रूढ केली. त्यामुळे सर्वसाधारण लेखनात तेच वर्ष दिले जाते. कवकशास्त्रात मात्र टी. जे. व्हाइट, टी. ब्रन्स, एस. ली व जे. टेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रायमरांच्या (डीएनएची प्रतिकृती सुरू करणाऱ्या लहान तुकड्यांच्या) आधारे हेच काम आधीपासून चालू होते. एम. गार्डेस व ब्रन्स यांनी १९९३ मध्ये मुळांशी सहजीवन करणारी कवके ओळखण्यासाठी अधिक नेमके प्रायमर दिले. संज्ञा उशिराची असली तरी पद्धत जुनी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्नाची जाणीव तर त्याहूनही जुनी आहे. झाडांची मुळे कुजवणारी मधाळ रंगाची आर्मिलारिया मेलिया ही एकच, अतिशय बदलती जाती मानली जात असे. फिनलंडच्या के. कोर्होनेन यांनी १९७८ मध्ये एकेका बीजाणूपासून वाढवलेली संवर्धने एकमेकांशी जुळतात का, हे पाहिले. यूरोपात या नावाखाली परस्परांशी संकर न होणारे ५ गट निघाले. पुढच्याच वर्षी अँडरसन व उलरिच यांना उत्तर अमेरिकेत १० गट आढळले. डोळ्यांना एक दिसणारी जाती प्रत्यक्षात अनेक असू शकते, हे डीएनए वाचण्यापूर्वीच सिद्ध झाले होते. अशा जातींना प्रच्छन्न जाती म्हणतात.

वाचला जाणारा भाग : कवकांसाठी प्रामुख्याने ‘आयटीएस’ हा भाग वापरतात. रायबोसोमी आरएनएची जनुके एकामागोमाग असतात. त्यांच्यामधल्या दोन दुव्यांचा आणि त्या दोहोंत वसलेल्या ५.८एस जनुकाचा मिळून हा पट्टा होतो. बहुतेक अळिंबींत त्याची लांबी सुमारे ५०० ते ७०० क्षारक-जोड्या भरते. दोन्ही बाजूंची जनुके फारशी बदलत नसल्याने एकच प्रायमर-जोडी दूरदूरच्या गटांवर चालते. दुव्यांत मात्र बदल लवकर साचतात. शिवाय एका जीनोममध्ये (पेशीतील संपूर्ण डीएनएमध्ये) या पट्ट्याच्या अनेक प्रती असल्यामुळे जुन्या वाळलेल्या नमुन्यातूनही तो बऱ्याचदा मिळतो. सीओआय कवकांत नीट चालत नाही, कारण त्यात मध्येच येणाऱ्या इंट्रॉनांमुळे (प्रथिन न घडवणाऱ्या तुकड्यांमुळे) लांबी फार बदलते. सी. शॉक व अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निरनिराळ्या जनुकांची तुलना करून आयटीएस हाच कवकांचा अधिकृत बारकोड असावा, अशी शिफारस केली.

नमुना मंद उष्णतेवर वाळवतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना या कामासाठी जवळपास निरुपयोगी ठरतो. तुकडा टोपीच्या आतल्या गरातून घ्यावा लागतो, नाही तर पृष्ठभागावरच्या बुरशीचाच डीएनए वाढतो. आणखी एक अडचण अळिंबींच्या जीवनक्रमातूनच येते : त्यांच्या पेशीत दोन वेगळी केंद्रके असतात. दोहोंच्या आयटीएसमध्ये एका क्षारकाची जरी घट वा भर असली, तरी त्यापुढचे संकेत एकमेकांवर चढून क्रम वाचणाऱ्या यंत्राचा आलेख वाचता येत नाही.

सीमारेषेचा वाद : किती फरक आढळला म्हणजे जाती वेगळी? ९७ टक्के साम्याची अट पुष्कळ दिवस वापरात होती. ती सोयीची आहे, नैसर्गिक नव्हे. एखाद्या जातीच्या अंतर्गतच याहून जास्त भिन्नता सापडते, तर काही निश्चित वेगळ्या जाती आयटीएसमध्ये जवळजवळ सारख्या असतात. आर्मिलारिया हे याचे ठळक उदाहरण असून तेथे ‘टीईएफ-१’ हे जनुक अधिक उपयोगी पडते. टेलर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेला निकष असा की, अनेक स्वतंत्र जनुकांच्या वंशावळी जेथे एकमेकींना दुजोरा देतात, तेथे जातीची सीमा मानावी. खर्चिक असला तरी हा निकष टक्केवारीपेक्षा पक्का समजला जातो.

काही निष्कर्ष : क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी विषारी अळिंबी भारतातही आढळते. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असल्याने ती खाद्य अळिंबी समजून खाल्ली जाते. हिरवट बीजाणू-ठसा ही तिची खूण. हिरवे बीजाणू हेच क्लोरोफायलम या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) लक्षण मानले जाई, परंतु डीएनएच्या आधारे एल्स व्हेलिंगा यांनी २००२ मध्ये पांढऱ्या बीजाणूंची मॅक्रोलेपिओटा रेकोडीस हीही याच प्रजातीत आणली. लंडनमध्ये विकत घेतलेल्या चिनी वाळवलेल्या पोर्चिनी या खाद्य अळिंबीच्या एकाच पाकिटातील १५ तुकड्यांत डेंटिंगर व सुझ यांना विज्ञानाला अज्ञात अशा ३ जाती मिळाल्या (२०१४). उलट, जपानची मौल्यवान अळिंबी मात्सुताके आणि स्कँडिनेव्हियातील ट्रायकोलोमा नॉसिओसम या एकच असल्याचे २००० मध्ये दिसून आले. पद्धत जाती फोडते तशी जोडतेही.

नाव देण्याचा प्रश्न : मिळालेला क्रम सार्वजनिक संग्रहांतील क्रमांशी ताडून पाहतात. या संग्रहांतील जातिपातळीवर नाव दिलेल्या कवकक्रमांपैकी सुमारे २० टक्के नावे चुकीची असू शकतात, असे निल्सन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. एस्टोनियातील तार्तू येथून चालणारा ‘युनाइट’ हा संग्रह त्यामुळेच अधिक विश्वसनीय मानतात. मूळ अडचण अशी की जातीचे नाव प्ररूप-नमुन्याला (नाव देताना आधार म्हणून जपलेल्या मूळ नमुन्याला) बांधलेले असते, आणि अनेक जुन्या यूरोपीय नावांमागे केवळ चित्र उरले आहे. नुसत्या क्रमालाच प्ररूप मानावे, ही सूचना २०१८ मध्ये सान हुआन येथील आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत स्वीकारली गेली नाही. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे; नमुना जपून ठेवला नसेल तर क्रमाची फेरतपासणी करायची कशावर? खाद्यता मात्र क्रमावरून थेट कळत नाही. ती जातीविषयीच्या आधीच्या अनुभवावरूनच सांगता येते.

महाराष्ट्र व गोवा : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक-वनस्पतिसंग्रह आणि राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहेत. वारुळांवर उगवणाऱ्या टर्मिटोमायसीस प्रजातीच्या अळिंबी विदर्भात ‘सात्या’ आणि गोव्यात ‘अळमी’ या नावांनी विकल्या जातात. प्रजाती १९४२ मध्ये आर. हाइम यांनी स्थापली. टर्मिटोमायसीस हाइमी ही जाती के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातून वर्णिली. टोपीचा आकार व रंग वय आणि पाऊस यांनुसार बदलतात, म्हणून जुन्या नोंदींतील नावे सावधपणे घ्यावी लागतात. आनेन व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासानुसार वाळवी आणि हे कवक यांचे सहजीवन एकदाच, बहुधा आफ्रिकेत, सुरू झाले. पुढे मात्र कवकांनी यजमान पुष्कळदा बदलले. वाळवीची जाती ओळखली म्हणून तिच्या वारुळावरच्या अळिंबीची जाती ठरत नाही.