एक्स-रेतला खुबा आणि चालण्यातला खुबा

खुब्याची वाटी उथळ राहिल्यामुळे मांडीच्या हाडाचा चेंडू तिच्यातून अंशतः किंवा पूर्ण सरकतो, त्या बालविकाराला डॉक्टर 'डीडीएच' म्हणतात. त्यावर शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा 'एक्स-रे चांगला आला' असे ऐकले की आईवडील 'मूल बरे झाले' असा अर्थ लावतात. वास्तविक एक्स-रेत सांध्याचा आकार दिसतो. चालणे, जिना चढणे, उकिडवे बसणे, दमेपर्यंत खेळणे ही शारीरिक क्षमता त्यात दिसत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांच्या मोजपट्ट्याही म्हणूनच दोन आहेत. सेव्हेरिनचे वर्गीकरण एक्स-रेवर आधारलेले असून त्यात वाटीने चेंडूला किती झाकले आहे याचा कोन मोजतात. सहा ते तेरा वर्षांच्या मुलात तो १९ अंशांहून अधिक असणे चांगले मानतात. मॅके यांच्या निकषांत मात्र सांधा दुखतो का, किती वळतो, मूल लंगडते का आणि ट्रेंडेलेनबर्ग चाचणीचे काय झाले, हे पाहतात.

ही चाचणी पालकांनी एकदा शेजारी उभे राहून पाहावी. मुलाला पाठमोरे उभे करतात आणि उपचार झालेल्या पायावर तोल सांभाळून दुसरा पाय गुडघ्यात मुडपून उचलायला सांगतात. उचललेल्या पायाकडची कंबर समपातळीत राहिली किंवा किंचित वर गेली, तर कुल्ल्याचे स्नायू आपले काम करत आहेत. ती खाली झुकली, तर ज्या पायावर मूल उभे आहे त्या बाजूचे स्नायू कमी पडत आहेत. (झुकलेली बाजूच अधू, असा उलटा समज बहुतेकांचा होतो.) काही मुलांची कंबर सुरुवातीला सरळ असते आणि स्नायू दमले की हळूहळू उतरते, म्हणून ३० सेकंद थांबणे योग्य, दोन सेकंदांत उरकलेल्या चाचणीवर माझा तरी विश्वास नाही. चार वर्षांखालच्या मुलांना असा तोलच साधत नाही, त्यामुळे त्यांच्यात तिचा फारसा उपयोग नसतो.

एक्स-रे उत्तम असूनही मूल लंगडते, याची कारणे बहुधा स्नायूंत किंवा पायाच्या लांबीत असतात. कमरेपासूनच्या प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे गेल्यावर स्नायू वाळतात. हे बहुतांशी भरून येते. मांडीचे हाड कापून त्याचा कोन कमी केला असेल, तर चेंडू वाटीत नीट बसतो खरा, पण त्याच हाडाचा बाहेरचा उंचवटा वर सरकल्याने त्याला जोडलेल्या स्नायूंचा ताण सैल होतो, शिवाय पाय थोडा आखूड होतो. अशा मुलाची उणीव सपाट जमिनीवर चालताना लपते आणि लंगडीच्या खेळात, जिथे सगळा भार एकाच खुब्यावर येतो, चटकन उघडी पडते. अर्थात हा खेळ शल्यचिकित्सकांच्या परवानगीनंतरच.

याच्या उलट स्थिती अधिक फसवी असते. वाटी उथळच राहिलेले मूल धावते, मांडी घालून बसते, कशाचीच तक्रार करत नाही. पण थोड्याच कूर्चेवर सगळा भार येत राहिल्याने तारुण्यात किंवा मध्यम वयात सांधा झिजू लागतो. त्यामुळे उत्तम खेळणाऱ्या मुलाचाही एक्स-रे हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने काढतात.